खाला गप्प बसल्या ती संध्याकाळ

आमच्या घरमालकीण बाई लहान लेकरांना अहो-जाहो करायच्या आणि मोठ्या माणसांना अरे-तुरे. वसमतला आम्ही त्यांच्या वाड्यामागच्या एका खोलीत भाड्यानं राहायचो. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची, म्हणून मीही खालाच म्हणायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरला त्या "काय रे, सुई नीट टोच, मागच्या बारीला हात सुजला माझा" असं म्हणायच्या, आणि त्याच दवाखान्यात रडणाऱ्या महिन्याभराच्या लेकरापुढं वाकून विचारायच्या, "काय तकलीफ हाय तुमाला? आमाला सांगा बरं."

माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं, हे असं उलटं काहून? तर म्हणाल्या, "लेकरू बोलत न्हाई तोवर खोटं बोलत न्हाई. बोलाया लागलं की संपलं. मंग कशाचा मान अन् कशाचं तुमी?"

या हिशेबात मीही बसले होते. नवी आले तेव्हा मी कोणाशी बोलायचीच नाही. कोणी काही विचारलं तर मान हलवायची, नाहीतर पदर चावत उभी राहायची. म्हणून मोठी असूनही खाला मला तुमी म्हणायच्या. मग एक दिवस त्यांच्या बकरीनं माझं दोरीवरचं पोलकं ओढून खायला घेतलं आणि मी जोरात ओरडले, "आगं ए, सोड! सोड म्हणते ना!"

खाला दारात येऊन उभ्या राहिल्या. बकरीकडं बघितलं नाही, माझ्याकडंच बघत राहिल्या.

"बोलता येतं व्हय तुला?" म्हणाल्या. त्या दिवसापासून मी तू झाले. पोलक्याचं त्यांनी काही विचारलं नाही.

ती बकरी म्हणजे घराची मालकच होती. खाला बाहेर निघाल्या की दाराला कुलूप लावायच्या आणि किल्ली बकरीच्या गळ्यात बांधायच्या. "चोर किल्ली कुटं शोधील? उंबऱ्याखाली, कोनाड्यात, माझ्या कमरेला. बकरीला कोण इचारतं?" हे त्यांचं म्हणणं बराबर होतं. पण बकरी चरायला जायची. मग खाला बाजारातून येऊन आपल्याच दारापुढं पिशवी घेऊन उभ्या. एकदा तर बकरी मोंढ्यात हळदीच्या पोत्यांमागं जाऊन बसली आणि सगळी गल्ली किल्ली शोधत फिरली. हमाल विचारायचे, कशी किल्ली आहे? आम्ही सांगायचो, काळी आहे, एका कानावर पांढरा ठिपका आहे.

चहा त्या उभ्यानंच प्यायच्या. बसून प्याला की गुडघ्यात उतरतो म्हणायच्या. पाहुण्यांनाही बसू द्यायच्या नाहीत, बशी हातात देऊन उभं करायच्या. आणि बोलणं तर दिवसभर चालू. समोर कोणी असो नसो. "आता मी भांडी घासते. हे पातेलं करपलंय. काहून करपलं? माझं ध्यान नव्हतं. ध्यान कुटं होतं? त्या कावळ्याकडं." भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. रेडिओ घ्यायची आम्हाला गरज पडली नाही.

पोट भरायला त्या गोधड्या शिवायच्या. बायका जुन्या साड्या आणून द्यायच्या. खाला आधी साडी नाकाला लावायच्या आणि सांगायच्या, ही बाई फोडणीला लसूण लई टाकती, ही चुलीपुढं रडती. बायका हसायच्या, पण मनातून घाबरायच्या. "कितीबी धू," खाला म्हणायच्या, "बाई साडीतून निघत न्हाई."

हे सगळं सांगायचं कारण, पुढं जे झालं ते त्या साडीच्या वासावरूनच झालं.

माझा नवरा वायरमन. वसमतला सर्कस आली तेव्हा तंबूत लाईट बसवायचं काम त्याला मिळालं आणि काम झाल्यावर सर्कशीवाल्यानं दोन पास दिले. पुढच्या आठवड्यातल्या संध्याकाळच्या खेळाचे. त्यानं ते पास माझ्या हातावर ठेवले. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं मिळून दवाखान्याशिवाय कुठं गेलो नव्हतो.

माझी पोरगी तेव्हा पाच महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती. वरचं काही घ्यायचीच नाही. तिला सर्कशीच्या गर्दीत न्यायची सोय नव्हती. त्याहून मोठी भीती माझ्या सासऱ्यांची होती. ते साखऱ्याला राहायचे. बाळंतपणानंतर मी महिनाभर तिथं होते. तिथून वसमतला निघताना त्यांनी पाळण्यातल्या पोरीला सांगितलं होतं, "लेकरा, तुझ्या मायला सांग, तिकडं हयगय झाली असं माझ्या कानावर आलं, तर मी येऊन दोघीला उचलून आनंल. मंग खोली-बिली इसरायची."

ते माझ्याशी असंच बोलायचे, पोरीच्या मधून. पोरगी नव्हती तेव्हा मांजराच्या मधून बोलायचे. आमच्याकडं सून सासऱ्यापुढं तोंडावर पदर घेते आणि बोलत नाही. तीन वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. मी काही बोलले नाही की मी 'हो' म्हणाले असं धरायचे. आणि मला वसमत सोडायचं नव्हतं. ती एक खोली होती, नळ बाहेर होता, पण चूल माझी होती.

म्हणून मी पास परत करा म्हणाले. खालांनी भिंतीपलीकडून ऐकलं.

"परत काहून करायचे?" त्या तिथूनच ओरडल्या. "पोरीला मी बघते की!"

मग आठवडाभर त्यांनी माझ्या पोरीला बोंडल्यानं दूध पाजायचा सराव केला. पोरगी तोंड घट्ट मिटायची. थोडं आत गेलंच तर फुर्र करून खालांच्या चष्म्यावर उडवायची.

"बाईसाहेब," खाला चष्मा पुसत म्हणायच्या, "आमी तुमाला इख देऊन राहिलो काय? जरा चाखून तर बघा. आवडलं न्हाई तर बोला. न्हाई, बोलू नका, तसंच राहू द्या."

शेवटी त्यांनी ठरवलं की दोष दुधाचा नाही, वासाचा आहे. मला हुकूम केला, "ती हिरवी साडी आजपासून काढू नको. दोन दिवस तीच नेस. तिच्यातच स्वयंपाक कर, तिच्यातच निज. धुवायची न्हाई. मी ती नेसून पोरीला घेते. तोंडावर पदर ओढून घेते. तिला काय कळतंय?"

"कळंल," मी म्हणाले.

"लोकांच्या साड्या नाकाला लावून माझे केस पिकले. तू शिकवू नको."

खाला माझ्याच उंचीच्या आणि माझ्यासारख्याच काडीसारख्या बारीक. त्या संध्याकाळी त्यांनी माझी साडी नेसली, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि आमच्या खोलीच्या दारात मांडी घालून बसल्या. मी पोरीला पोटभर पाजलं, वाटीत थोडं अंगावरचं दूध काढून ठेवलं आणि तिला त्यांच्या मांडीवर दिलं. पोरीनं पदर हुंगला, त्याचं टोक तोंडात घातलं आणि गप पडली.

"जा," पदरातून आवाज आला. "मागं बघू नको."

मी मागं बघत बघतच गेले.

सर्कस काय होती ते मला नीट सांगता येणार नाही. एक पोरगी एका चाकाच्या सायकलवर फिरली. एक बुटका विदूषक पायजमा सावरत पळाला. माझा नवरा खेळ बघतच नव्हता. तो वर दिव्यांकडं बोट दाखवून सांगत होता, "तो हिरवा बल्ब मी लावला. अन् तो लाल." तेवढ्यात आमच्या मागं कोणाचं तरी लेकरू रडलं. माझं नव्हतं, ते मला माहीत होतं. पण अंगाला कुठं कळतं? दूध भरून आलं आणि पोलकं चिंब झालं. मी पदर घट्ट ओढून घेतला.

"अहो, चला."

"कुटं?"

"घरी."

"आगं, हत्ती यायचा हाय अजून!"

"चला म्हणते ना."

"हत्ती न बघता सरकशीतून आलो असं लोकांला सांगायचं का?"

"लोकांला सांगायचंच न्हाई, तर हत्ती बघितला काय अन् न बघितला काय?"

तो उठला. माझ्यासारख्या बाईनं एवढी वाक्यं एका दमात बोलल्यावर उठणारच.

आता घरी तोवर काय चाललं होतं ते मी पुढं कितीतरी वेळा खालांकडून ऐकलं. सासऱ्यांचा आवाज काढून त्या सांगायच्या, आणि स्वतःच्या जागी नुसता पदर ओढून बसून दाखवायच्या.

आम्ही निघालो आणि थोड्या वेळात गल्लीतली लाईट गेली. खालांनी चिमणी लावली. तेवढ्यात फाटक वाजलं आणि माझे सासरे आत आले, साखऱ्याहून, न कळवता. तेव्हा मोबाईल कुठले? दारात हिरवी साडी, तोंडावर पदर, मांडीवर नात. त्यांनी रीतीप्रमाणं तोंड दुसरीकडं फिरवलं आणि अंगणातल्या बाजेवर पाठ करून बसले.

खाला तिथंच सांगू शकल्या असत्या. पण खरं सांगितलं तर मी साखऱ्याला जाणार, हे त्यांना माहीत होतं. आणि खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. तेव्हा एकच वाट उरली, गप्प बसायचं. ज्या बाई कावळ्याशी बोलायच्या त्या गप्प बसल्या.

"लेकरा," सासरे भिंतीकडं बघत म्हणाले, "तुझा बाप कुटं गेला?"

खालांनी बांगड्या वाजवल्या.

"कामावर? बरं. सांग तुझ्या मायला, आजाला कोपभर चहा टाक."

घरात दूध म्हणजे वाटीत मी काढून ठेवलेलं तेवढंच. खाला पोरीला कडेवर घेऊन चुलीपाशी गेल्या, तर सासरे बाजेवरून वाकून चुलीकडं बघत होते. "हाय की दूध वाटीत," ते म्हणाले. खालांनी वाटी उचलली, झपाझप अंगणात गेल्या आणि बकरीपुढं ओतली. मग त्यांना कोरा चहा आणून दिला. "माझी सून सासऱ्याला कोरा चहा देती आणि बकरीला दूध पाजती," हे सासऱ्यांनी पुढं गावात बरीच वर्षं सांगितलं. खरं कारण त्यांना आम्ही आजपर्यंत सांगितलेलं नाही.

चहा देताना त्यांना खालांचा हात दिसला.

"आरं देवा! लेकरा, तुझ्या मायच्या हाताचं काय झालं? चार महिन्यांत पार सालपटं? म्हातारीचा हात दिसून राहिला. खाती-पिती का न्हाई ही?"

पदराआड खालांनी दात आवळले.

"आन् ती घरमालकीण. लोक म्हणत्यात डोक्यानं सरकलेली हाय. बकरीच्या गळ्यात किल्ली बांधती म्हणं! अशा बाईच्या शेजारी लेकरू ठेवायचं? म्हणून मी आलो. उद्याच्या गाडीनं चला."

खाला सांगायच्या की इथं त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात घातला. दुसरं टोक पोरीच्या तोंडात होतंच. एका साडीची दोन टोकं दोघी चावत बसल्या.

मग सासरे चिमणीच्या उजेडात बसून राहिले. आणि मग हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू का लेकरा, घरात करमत न्हाई मला. पाळणा तसाच टांगून ठेवलाय. तुझी आजी म्हणती, काढा. मी म्हणतो, दोरी पक्की हाय का बघायची हाय. रोज दोरी बघतो अन् हलवतो. तुझ्या बापाला नको सांगू. हसंल मला."

याच वेळी आम्ही फाटकातून आत आलो.

नवरा पुढं होता. "बाबा?" म्हणाला आणि खांबासारखा उभा राहिला. मी मागं. सासरे दिसले तसा माझा हात आपोआप गेला आणि पदर तोंडावर आला.

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दारातल्या हिरव्या साडीकडं बघितलं. मग परत माझ्याकडं.

"आरं," ते उठले, "दोन?"

मग ते माझ्या नवऱ्याकडं वळले.

"दोन केल्यास व्हय रे? म्हणून वसमत सुटत न्हाई का तुला!"

"न्हाई बाबा, एकच हाय, खरंच एकच!"

"मला मोजता येत न्हाई काय?"

तेवढ्यात पोरीला माझी चाहूल लागली. तोंडातला पदर टाकून तिनं असा टाहो फोडला की बकरी दावं तोडायला लागली. मी धावत जाऊन तिला घेतलं. दारातल्या पदरातून दबका आवाज आला, "आता तोंड उघडू का गं मी?"

मी मान हलवली आणि आत पळाले. पोरीला पदराखाली घेतलं. बाहेर खालांनी पदर मागं टाकला.

"सालपटं म्हणतो माझ्या हाताला! सरकली म्हणतो! माझ्या दारात बसून, माझ्या हातचा चहा पिऊन! नवरा वारला तवा बी मी एवढा वेळ गप बसले न्हाई रे, इचार गल्लीत कुणालाबी!"

सासऱ्यांचा आवाज फुटला तेव्हा तो माझ्या नवऱ्यावर फुटला. सून कुठं होती? सर्कशीत? अंगावरचं लेकरू टाकून?

"टाकून?" खाला म्हणाल्या. "मी काय उकिरडा हाय का?"

"तू मधी पडू नको, बाई."

"मधी मी कवाची पडलेली हाय. आन् खरं बोल, तू सुनेला न्यायला आला का नातीला बघायला? मघाशी पाळण्याची दोरी कोण हलवत होतं?"

माझ्या नवऱ्यानं विचारलं, "कसली दोरी?"

"काही न्हाई," सासरे म्हणाले. मग घसा खाकरून मोठ्यानं बोलायला लागले. "ते काही न्हाई. उद्या दोघी माझ्यासंगं येत्यात. जबरदस्ती न्हाई माझी. लेकरा, तुझ्या मायला इचार, येती का न्हाई साखऱ्याला. काही बोलली न्हाई म्हणजे आली."

मी आत भिंतीला टेकून बसले होते. पोरगी पीत होती आणि तिचा एक हात माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांत अडकला होता. नवरा काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली. तो बोलला नाही. खाला बोलतील म्हणून वाट बघितली. त्याही बोलल्या नाहीत. मला अजून वाटतं की त्यांनी मुद्दाम जागा सोडली. सकाळपासून रात्रीपर्यंत बोलणाऱ्या बाईनं नेमकी माझ्यापुरती जागा रिकामी ठेवली. आता मी गप्प बसले असते तर चूल, खोली, सगळं गेलं असतं.

"न्हाई येत," मी म्हणाले.

"ए बाई," सासरे बाहेर खालांवर खेकसले, "तुला म्हणलं ना मधी बोलू नको! मी सुनेला इचारलं."

"मी कुटं बोलले?" खाला म्हणाल्या. "माझं तोंड मिटलेलं हाय. हे बघ."

"मंग कोण बोललं?"

"तीच बोलली, बाबा," माझा नवरा म्हणाला.

"कोण ती?"

"तुमची सून."

"तिचा आवाज असा हाय?"

"मंग कसा पाहिजे होता?" खाला म्हणाल्या. "म्हशीसारखा?"

सासरे उठून दाराजवळ आले असावेत, कारण त्यांची सावली उंबऱ्यावर पडली. पण आत बघितलं नाही. "परत बोल," ते म्हणाले. "मला खरं वाटत न्हाई."

मी पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं.

"मी येत न्हाई, मामाजी. तुमीच ऱ्हावा इथं आठ दिवस. पाळणा इथंबी बांधता येतो. वरचं लाकडी आडं पक्कं हाय."

सावली हलली नाही. मग ती खाली बसली. उंबऱ्याच्या पलीकडं, आमच्याकडं पाठ करून. सासऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ तिच्यावर हात फिरवत बसले. मग मधी पोरगी नाही, मांजर नाही, मला सरळ विचारलं, "जेवायला काय हाय?"

"पिठलं टाकते," मी म्हणाले.

"माझंबी टाक," खाला अंगणातून ओरडल्या. "गप बसून बसून पोटात आग पडली माझ्या."